पहिला घास रुसलेल्याचा

कोणीच बोलत नाही.

खिडकीपाशी घड्याळे दुरुस्त करायचे मेज आहे. मेजावर एक बशी आहे आणि बशीत शिळ्या पावाचा एक भाजलेला काप आहे. तो एका कडेने फाटला आहे, मध्यभागी जरा करपलाही आहे. बशीच्या पलीकडे घड्याळवाले बाबा बसले आहेत. अलीकडे, हात पुसायचे फडके मुठीत घट्ट धरून, त्यांची मुलगी उभी आहे. दाराशी तिची पिशवी भरून ठेवली आहे. भिंतीवर आणि मेजावर मिळून अकरा घड्याळे चालू आहेत, आणि या घरात सध्या तेवढीच काय ती बोलतात.

मी शेगडीवर निवतो आहे. निवताना माझ्या अंगातून बारीक टक टक आवाज येतो. लोखंड आकसते तेव्हा तसा आवाज येतोच. पण या क्षणी मला तोही नकोसा झाला आहे. त्या कापाचे काय होते हे कळेपर्यंत मी श्वाससुद्धा रोखून धरला असता. मला श्वास नाही, ही गोष्ट वेगळी.

मित्रांनो, मी बिडाचा तवा आहे. वयाने बराच जुना, आणि गेल्या दहा दिवसांपासून दिसायला अगदी कोरा. हे दोन्ही एकाच वेळी कसे झाले, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय त्या बशीकडे पाहण्याचे बळ मला येणार नाही.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. मोडक्या यंत्रांची दातेरी चाके, फुटक्या शेगड्यांच्या जाळ्या, एका बंद पडलेल्या पंपाचे पोट असे सगळे एका भट्टीत वितळले आणि तो तांबडा रस वाळूच्या साच्यात ओतला गेला. साचा फोडला तेव्हा माझ्या कडेला, दांड्याच्या डावीकडे, मसुराच्या दाण्याएवढा एक खड्डा राहिलेला होता. ओतताना वाळूचा कण निसटून रसात पडला की असे होते. कारागिराने मला बोटाने चाचपले, जीभ टाळूला लावून ‘च्च’ केले आणि मला खोडीच्या मालात टाकले. या जगात माझे स्वागत झाले ते त्या आवाजाने.

बाजारात माझ्यावर बरीच धूळ बसली. लोक उचलायचे, खड्ड्यावर बोट ठेवायचे आणि परत ठेवायचे. मग एके दिवशी एक नवे जोडपे आले. दुकानदार मनाने सरळ होता. तो म्हणाला, “बाई, याला खोड आहे हं. मागाहून तक्रार नको.”

ती बाई शेजारच्या तरुणाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत म्हणाली, “मला नवराही खोडीचाच मिळालाय. त्याला सांभाळतेय, तर हा काय जड आहे?”

तो तरुण म्हणजे आजचे घड्याळवाले बाबा. ते तेव्हा इतके हसले होते, की दुकानदारालाही हसावे लागले. त्या हसण्यात मी घरी आलो.

पहिले सात दिवस तिने माझ्यावर काहीच शिजवले नाही. रोज तेलाचे बोट फिरवायची, धूर निघेपर्यंत तापवायची, निववायची, पुसायची आणि पुन्हा तेल लावायची. बाबा मेजावरून मान वळवून म्हणायचे, “मी दिवसभर घड्याळांतलं जुनं तेल खरवडून काढतो, आणि तू इथे जुनं तेल साठवत बसतेस. आपलं जमायचं कसं?”

“तुमच्या घड्याळात जुनं तेल चाक अडवतं,” ती म्हणायची, “माझ्या तव्यावर तेच पदार्थ सोडवतं. ज्याची त्याची तऱ्हा.”

सातव्या दिवशी तिने माझ्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब बसला नाही. मोत्यासारखा गोल होऊन माझ्या अंगभर नाचत सुटला. “झाला तयार,” ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

पुढे तिला मुलगी झाली आणि ती आई झाली. मुलगी जराशा बोलण्याने पेटायची, म्हणून तिला घरात ‘ठिणगी’ म्हणत. आई घरबसल्या एका दुकानाच्या शर्टांना काज-बटणे करी. दिवसभर सुई आणि दोरा. बरोबर चार वाजता, एकाच वेळी अकरा घड्याळांचे ठोके पडत, तेव्हा ती सुई कापडात खोचून ठेवी, उठे आणि माझ्याखाली आग लावी.

खरे सांगायचे तर ती जे करी त्याला स्वयंपाक म्हणावे की नाही, हे मला अजून कळलेले नाही. घरात जे उरलेले असेल तेच तिचे सामान. खालच्या मजल्यावरच्या पाववाल्या काकांकडून आदल्या दिवशीचा पाव येई. चार चमचे पिठात पाणी, मीठ, मिरपूड आणि बारीक चिरलेला कांदा कालवायचा, त्यात पावाचा काप दोन्ही बाजूंनी बुडवायचा आणि माझ्यावर सोडायचा. कडा तपकिरी होईपर्यंत हात लावायचा नाही; तोवर ती ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणे. “घाई केली की फाटतो,” ती सांगे, “माणसासारखाच आहे.” कधी बटाट्याच्या चकत्या, इतक्या पातळ की खिडकीसमोर धरल्या तर पलीकडचा उजेड दिसावा. सकाळचा भात उरला तर मुठीने दाबून त्याच्या वड्या. मिठाच्या पाण्यात भिजवून परतलेले शेंगदाणे. पिकून काळी पडू लागलेली केळी असली, तर त्यांचे उभे काप आणि वर चिमूटभर साखर. ती साखर वितळून सोनेरी होई तेव्हा जिन्यातून जाणारी माणसे पायरीवर थबकत. शेजारणी विचारायला येत, “किती मीठ घालू?” तर ती म्हणे, “समुद्र होणार नाही इतकं.” तिच्याकडे वजन नव्हते, माप नव्हते. कान होता. माझ्यावर पदार्थ पडला की चर्र होते ना, त्या आवाजावरून तिला आच कळे.

आणि तिचा एक कायदा होता. माझ्यावरून उतरलेला पहिला घास रुसलेल्याचा.

ज्याचे कुणाशी बिनसले असेल, त्याच्यापुढे बशी जाई. कुणी माफी मागायची नाही, कुणी कारण सांगायचे नाही. रुसलेल्याने तो घास खाल्ला की भांडण मिटले. मिटले म्हणजे मिटले. पुन्हा त्याचे नाव काढायचे नाही. खाल्ला नाही, तर भांडण उद्यावर. पण उद्याही चार वाजतातच.

ठिणगीने या कायद्याचा भरपूर गैरफायदा घेतला. नऊ वर्षांची असताना ती रोज पावणेचारला रुसू लागली, अगदी पगार घेऊन रुसावे तशी. चार-पाच दिवसांनी आईने बशी बाबांपुढे नेऊन ठेवली. ठिणगी ओरडली, “त्यांना का? ते कुठे रुसलेत?”

“रुसलेत,” आई गंभीरपणे म्हणाली. “कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं.”

पुढे खरे भांडणही झाले. ठिणगीला परगावी जाऊन नर्स व्हायचे होते आणि बाबांना ते नको होते. तीन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आईने घास मधोमध कापून एकाच बशीत ठेवला आणि म्हणाली, “दोघांनी एकदम उचलायचा. आधी कुणी उचलला ते मी बघणार नाही. मी पाठ करून उभी आहे.” ती पाठ करून उभी राहिली म्हणजे तोंड माझ्याकडे करून. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होते आणि ओठ हसत होते. हे त्या घरात फक्त मी पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र मला सलते, मित्रांनो. आईसुद्धा रुसायची. पण तिच्यासाठी तो पहिला घास कधी कुणी केला नाही. ती स्वतःच करायची, माझ्यापाशी उभी राहून स्वतःच खायची आणि मग स्वतःशीच म्हणायची, “झालं. गेला राग.” आणि पुढचे काप टाकायला लागायची.

दुसरी गोष्ट, जिच्यात पुढच्या अनर्थाचे मूळ आहे. ती मला कुणाला धुऊ द्यायची नाही. जेवणे झाली की मी गरम असतानाच जाड मीठ टाकी, अर्ध्या चिरलेल्या बटाट्याने मला चोळी, फडक्याने पुसून तेलाचे बोट फिरवी. साबण नाही, भिजवणे नाही, तारेची घासणी तर नाहीच नाही. ठिणगी मदतीला आली तर म्हणे, “बाकीची भांडी घे. तवा माझ्याकडे राहू दे.” का, हे तिने सांगितले नाही. काहीतरी आपल्या एकटीचे असावे असे तिला वाटले असेल. त्या घरात तिचे एकटीचे दुसरे होते तरी काय? वर्षानुवर्षे तेलाचा थर थरावर चढत गेला आणि मी काळाभोर झालो. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता. तिच्या हजारो दुपारी माझ्या अंगावर एकीवर एक अंथरलेल्या होत्या.

ठिणगी नर्स झाली, लांबच्या इस्पितळात कामाला लागली. घरात दोघेच उरले. मग आईचे हात थकले, त्यांना सूज येऊ लागली. शेवटच्या वर्षी चारचे ठोके पडत आणि कुणी उठत नसे. ती अंथरुणावरून सांगे, “अहो, तव्याला तेल लावा. कोरडा राहिला तर गंजेल.” बाबा उठत, आणि सवयीने, सुईच्या टोकावर घेऊन घड्याळात सोडावा तसा तेलाचा एक थेंब माझ्यावर सोडत. ती हसता हसता खोके. “अहो, तवा आहे तो! मनगटावर बांधायचाय का?”

एके दुपारी ती हसली नाही.

ठिणगीला रजा मिळाली ती एक दिवस उशिरा. ती आली तेव्हा आई नव्हती. ती रडली नाही. आपण इतरांच्या आयांचे ताप मोजत राहिलो आणि आपल्या आईच्या उशाशी नव्हतो, हे तिच्या चेहऱ्यावर इतके स्पष्ट लिहिलेले होते, की भेटायला येणारी माणसे तिच्याकडे पाहणे टाळत. दुसऱ्या दिवशी आत्या ओट्यापाशी आली, मला उचलून पाहिले आणि म्हणाली, “अगं बाई, हा तवा बघ. वर्षभर कुणी घासलेला दिसत नाही. बिचारीला जमत नसणार.”

ती एवढेच बोलली आणि चहा गाळायला वळली. पण ठिणगीने ते ऐकले होते.

मित्रांनो, ती नर्स आहे. इस्पितळात तिला शिकवले होते, की जे चकाकत नाही ते स्वच्छ नाही. आणि माझा काळेपणा पाहून तिला वाटले, की आईचे हात चालेनासे झाले त्याची ही खूण आहे. आई कुणाला सांगू शकली नाही, आणि मी इथे नव्हते, असे तिच्या मनात आले. तिने मला मोरीत नेले. साबण, तारेची घासणी, व्हिनेगर, बारीक वाळू. ती घासत होती आणि पुटपुटत होती, “आई, तुला जमलं नाही ना शेवटी. मी करते. बघ, मी करते.”

मला ओरडता येत असते तर!

मी कण्हलो असेन, पण घासणीच्या खरखरीत ते कुणाला ऐकू येणार? आधी गेला तो बाबांनी सोडलेल्या थेंबांचा थर. मग दोघेच उरले होते त्या वर्षांचा. मग मधोमध कापलेल्या घासाची दुपार गेली. नऊ वर्षांच्या मुलीचे खोटे रुसवे गेले, केळ्यांची साखर गेली, भाताच्या वड्या गेल्या. सर्वांत खाली ते पहिले सात दिवस होते. ते फार चिवट निघाले. ठिणगीच्या बोटांची साले निघाली तेव्हा कुठे तेही सुटले. सगळे काळे पाणी होऊन मोरीच्या तोंडाशी क्षणभर गोल फिरले आणि गेले. इतक्या वर्षांनी प्रथमच हवा माझ्या उघड्या अंगाला लागली. मला थंडी वाजली.

तिने मला पुसून खिडकीत ठेवले. मी राखाडी, लख्ख, उजेड फेकणारा. पाहुण्यांना पोचवून बाबा जिना चढून आले.

“हे कुणी केलं?”

“मी, बाबा. अडीच तास लागले. लख्ख झाला ना?”

बाबांनी माझ्या उघड्या अंगावरून बोट फिरवले. मग म्हणाले, “तिचा हात होता त्यावर. तो तू धुऊन टाकलास.”

त्यानंतर या घरात ते एक शब्द बोललेले नाहीत. ठिणगीशी नाही, कुणाशीच नाही. आणि गरम असे काही त्यांनी खाल्लेले नाही. चहा आणि डब्यातल्या पावाचा कोरडा तुकडा, तोही अर्धा. ठिणगीने चार जणींना विचारून आपली चूक काय ते जाणून घेतले, आणि ते कळल्यावर ती मोरीपाशी जी बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने सुरुवात केली. चारच्या ठोक्याला ती माझ्याखाली आग लावी, आणि माझी परीक्षा सुरू होई. तुम्हाला सांगतो, नागव्या लोखंडाइतके कंजूष जगात काही नाही. त्याच्यावर जे जे पडेल ते ते धरून ठेवते. पहिल्या दिवशी तिने अंडे फोडले. मी ते असे पकडले, की उलथण्याने ते चिंध्या चिंध्या होऊन आले. मग बटाट्याच्या चकत्या. त्यांचा अर्धा भाग माझ्याकडे राहिला, अर्धा बशीत गेला. मी स्वतःला बजावत होतो, सोड. अरे सोड, तो तिच्या बापाचा घास आहे! पण माझे अंग माझे ऐकत नव्हते. ती जे जे हळुवारपणे ठेवी, ते ते मी फाडून परत देई. आपल्याला सगळ्यांत प्रिय असलेल्या माणसाचे काम आपल्याच अंगाने बिघडवावे, याहून मोठी शिक्षा कोणती?

तरीही ती तो फाटका घास बशीत घालून मेजावर ठेवी आणि दोन पावले मागे सरून उभी राही. बाबा बशीकडे पाहत, उठत आणि भिंतीवरच्या घड्याळांना चावी द्यायला जात. त्या घड्याळांना आठवड्यातून एकदाच चावी लागते. ते रोज देत होते.

पाचव्या दिवशी पाववाले काका शिळा पाव घेऊन वर आले. त्यांनी माझ्यावरून तळवा फिरवला आणि ठिणगीकडे पाहिले.

“कितीदा तेल लावलंस?”

“रोज चार-पाचदा, काका. धूर येईपर्यंत तापवते. तरी चिकटतं. काही उपयोग नाही.”

“उपयोग आहे गं. पण केस पांढरे व्हायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच तवा काळा व्हायला लागतो. तुझ्या आईनं तीस वर्षं लावली. तुला तीस दिवस तरी हवेत की नाही?”

“माझी रजा पाच दिवसांत संपते. नाही गेले तर जागा जाईल.” तिने आवाज खाली आणला. “आणि बाबांच्या मनगटाकडे बघितलंत तुम्ही? घड्याळाच्या पट्ट्याला त्यांनी टोच्याने दोन नवी भोकं पाडलीत. मी नर्स आहे, काका. मला कळतं हे कुठे चाललंय ते. त्यांनी माझा एक घास खाल्ला ना, तर मी जाऊ शकते. नाहीतर कशी जाऊ?”

काकांचा चेहरा उतरला. काहीतरी बोलावे म्हणून ते म्हणाले, “माझ्या भट्टीत त्यांना दोन मिनिटं उभं करू का? म्हातारा मऊ तरी होईल.” ठिणगीने हसायचा प्रयत्न केला. मग काका तिला म्हणाले, “काप टाकल्यावर मनात शंभरपर्यंत मोज. तोवर हात लावू नकोस. तुझी आई गुणगुणायची ना, ते गाणं नव्हतं. आकडे होते.”

हे मलाही माहीत नव्हते.

आज शेवटचा दिवस. साडेपाचची बस आहे. दुपारी तिने माझ्यावर तेलाचा दहा दिवसांतला चाळिसावा का पन्नासावा थर चढवला. माझा रंग आता मधासारखा झाला आहे, कुठे गडद, कुठे फिकट. चार वाजले. तिने पाण्याचा थेंब टाकला. तो अर्धा नाचला आणि अर्धा बसला. तिने काप पिठात बुडवून माझ्यावर ठेवला आणि ओठ न हलवता मोजू लागली. मी जिवाच्या आकांताने स्वतःला सैल सोडत होतो. शंभर झाले. तिने उलथणे खाली सरकवले. काप एका कडेला फाटला, मित्रांनो, पण निघाला. अख्खाच म्हणावा असा निघाला.

तोच काप आता त्या बशीत आहे.

बाबा उठतात. ठिणगी डोळे मिटून घेते. चावी द्यायला निघाले, हे तिला आता पाहायचे नाही. पण त्यांची पावले भिंतीकडे जात नाहीत. ते ओट्यापाशी येतात. तिच्या मुठीतले फडके हळूच सोडवून घेतात, माझा दांडा धरतात आणि मला खिडकीत नेतात. डोळ्याला बारीक काम करायचे भिंग लावतात. बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहू लागतात, कडेकडेने, तसूतसूने. दांड्याच्या डावीकडे येऊन थांबतात.

“इथे राहिलंय,” ते म्हणतात. इतक्या दिवसांनी बाहेर पडलेला आवाज गंजलेल्या चाकासारखा कुरकुरतो.

“काय?”

“काळं. त्या खड्ड्यात. तुझी घासणी आत पोचली नाही.”

माझी खोड! ओतशाळेतल्या त्या वाळूच्या कणाने माझ्या अंगावर सोडलेली ती मसुराएवढी जागा. तिच्या तळाशी ते पहिले सात दिवस अजून बसलेले होते, आणि मला स्वतःला ते ठाऊक नव्हते.

बाबा भिंग काढतात. “घड्याळ असतं ना ठिणगे, तर तू केलंस तेच बरोबर होतं. जुनं तेल काढायचंच असतं. माझ्या हाताखाली कुणी असं लख्ख काम केलं असतं, तर मी पाठ थोपटली असती.”

ते मेजाशी परततात, बशी पुढे ओढतात आणि तो गार झालेला काप खाऊ लागतात. करपलेला भागही सोडत नाहीत. अकरा घड्याळे आणि एक म्हातारा जबडा, एवढेच घरात ऐकू येते. शेवटचा घास गिळून ते म्हणतात, “मीठ कमी आहे.”

ठिणगी तोंडावर हात दाबून भिंतीला टेकते. तिचे खांदे हलत आहेत. आता ती जाऊ शकते. तिला हवे होते ते तिला मिळाले आहे.

मग बाबा असे काही करतात, जे त्यांनी या घरात कधीच केलेले नाही. ते मला शेगडीवर ठेवतात आणि माझ्याखाली आग लावतात. थेंब टाकून पाहायचा असतो हे त्यांना ठाऊक नाही. उरलेल्या पिठात ते पावाचा काप बुडवतात आणि मी पुरता तापायच्या आतच माझ्यावर ठेवतात. शंभर मोजत नाहीत. बारा-पंधरापर्यंतच त्यांचा धीर टिकतो. मी काप धरून ठेवतो. ते खरवडतात. जे बशीत येते त्याला काप म्हणणे कठीण आहे. तो ओला, तुकड्या-तुकड्यांचा ढीग आहे. पण आईच्या कायद्यात घास कसा असावा हे कुठेच सांगितलेले नाही.

ते बशी दोन्ही हातांत धरून लेकीसमोर उभे राहतात.

“माझा गेला,” ते म्हणतात. “तुझा?”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला आयुष्याच्या शेवटी काही मागावेसे वाटते. मला वाटले होते, की मी तुमच्याकडे निगा मागेन: घरातल्या जुन्या भांड्याला हात लावण्यापूर्वी त्याच्या माणसाला विचारा, ते माणूस आहे तोवर विचारा. जे तुमचे एकट्याचे आहे ते का जपता, हेही कुणाला तरी सांगून ठेवा. हे सगळे मी मागतोच. पण आत्ता, या क्षणी, मला एवढेच मागायचे आहे, की जो घास द्यायचा आहे तो गरम असताना द्या. गेले कित्येक दिवस मी रोज तापलो आणि रोज निवलो. दर खेपेला थोडे अधिक आकसल्यासारखे वाटते.

ठिणगी भिंतीपासून दूर होते. ती बशीकडे पाहते. मी तिचे सगळे रुसवे ओळखतो. खोटे, खरे, अर्धे. आत्ता तिच्या चेहऱ्यावर आहे तो मी कधी पाहिलेला नाही. बाप खात नव्हता तोवर तिला रागवायला सवड नव्हती. दहा दिवस ती अपराधी होती, नर्स होती, भीक मागणारी होती. आता तो जेवला आहे, आता तो मरणार नाही. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत, मोरीपाशी बसून काढलेली ती संध्याकाळ, न उचललेल्या त्या सगळ्या बश्या, उशिरा मिळालेली रजा, एकटीने घासलेले ते अडीच तास, सगळे एकदम वर येते आहे.

“ठिणगे,” बाबा म्हणतात, “निवतंय बघ.”

तिचा हात बशीच्या दिशेने उचलला जातो. वाटेत थांबतो. मग तो खाली जातो आणि पिशवीचा बंद धरतो. ती चपला घालते; एका चपलेचा अंगठा नीट बसत नाही, तरी ती वाकत नाही. दार उघडते. बाबा बशी धरून उंबऱ्यापर्यंत जातात आणि तिथे थांबतात.

ती जिना उतरते. एकही पायरी न चुकवता, न थांबता, उत्तर न देता.